बारसे तेराव्या वर्षी



मूल जन्मले की बाराव्या दिवशी पाळणा बांधतात, आत्या कानात कुर्र करते आणि नाव ठरते. आज ज्याच्याविषयी बोलायचे आहे त्याचे बारसे मात्र तेराव्या वर्षी झाले. तो आहे आकाशातला एक दगड. अमेरिकेत अरिझोनातल्या दुर्बिणीतून तो ११ नोव्हेंबर २००६ रोजी सापडला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये त्याला नाव मिळाले, 'पंडितजसराज'. होय, तेच ते मेवाती घराण्याचे गवई! जन्म हरियाणातला, पण कितीतरी वर्षे मुंबईत राहिले. व्ही. शांताराम ह्यांचे जावई, तेव्हा महाराष्ट्राचेही जावईच म्हणा ना.

मंगळ आणि गुरू ह्यांच्या वाटांच्या मधल्या पट्ट्यात असे लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. बहुतेकांना एका फेरीला तीन ते सहा वर्षे लागतात. रात्रीची वीज आली म्हणून हरभऱ्याला पाणी देत उभे असाल, तर चांदण्या पुष्कळ दिसतील. हा काही दिसायचा नाही, इतका तो अंधुक. मग सापडतो कसा? आकाशाच्या एकाच तुकड्याची थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रे घेतात. तारे जागच्या जागी राहतात. जो ठिपका सरकला, तो आपला लघुग्रह.

पण नुसता दिसून भागत नाही. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीत पियाझी नावाच्या ज्योतिर्विदाला पहिला लघुग्रह सापडला, सेरेस. सहा आठवडे त्याने तो पाहिला, मग आजारी पडला. तेवढ्यात सेरेस सूर्याच्या उजेडात गेला आणि हरवला! चुकलेले जनावर निदान कुणाच्या तरी शेतात सापडते. आकाशात कुठे शोधणार? तेव्हा गाउस ह्या चोवीस वर्षांच्या जर्मन गणित्याने त्या थोड्याशा निरीक्षणांवरून त्याची वाट मांडली, आणि ३१ डिसेंबरला सेरेस पुन्हा दिसला, गाउसने सांगितले होते त्याच्या अगदी जवळ.

आता वाट नक्की ठरल्याशिवाय क्रमांक नाही, आणि क्रमांकाशिवाय नाव नाही, अशी रीत आहे. तोपर्यंत तात्पुरती खूण असते. आपल्या दगडाची खूण होती '२००६ व्हीपी ३२'. शिक्षकबंधूंनी ही फळ्यावर मांडून दाखवावी, मुलांना मौज वाटेल. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. 'आय' गाळून इंग्रजी अक्षरे पंचवीस. त्यांत पी पंधरावे. पंचविसाची बत्तीस आवर्तने झाली, म्हणजे ८००, त्यांत १५ मिळवा. त्या एका पंधरवड्यातला हा ८१५ वा!

पुढे कायमचा क्रमांक पडला ३००१२८. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहा: ३०, ०१, २८. जुळले की नाही?

नाव सुचविण्याचा मान शोधणाऱ्याचा. मान्यता देते ज्योतिर्विदांची आंतरराष्ट्रीय संघटना. राजकारणी किंवा सेनानी असेल, तर मृत्यूनंतर शंभर वर्षे थांबावे लागते. हा नियम मला फार आवडतो. गवयाला असे बंधन नाही, म्हणून पंडितजींना हा मान जिवंतपणी मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये ते गेले. आणि हे नाव विकत मिळत नाही. पैसे घेऊन ताऱ्याला नाव दिल्याचे कागद देणारे कुणी भेटले, तर ज्योतिर्विदांच्या दप्तरी त्या कागदाला किंमत नाही, हे ध्यानात असू द्या.

वाटा मांडण्याचा हा खटाटोप कशाला, असे चिखलीकरांनी तरी विचारू नये. मेहकरावरून पुढे गेले की लोणार. काळ्या पाषाणातला तो सुमारे १८०० मीटर रुंदीचा खळगा आभाळातून आलेल्या दगडानेच केलेला. तोही कधीकाळी ह्याच पट्ट्यातून निसटला असावा. 'पंडितजसराज'ची वाट दूरची, त्याचे आपल्याला भय नाही. पण अरिझोनातल्या त्या दुर्बिणींचे मुख्य काम आहे पृथ्वीजवळून जाणारे दगड हुडकून त्यांच्या वाटा आधीच मांडून ठेवण्याचे. ते करता करता हा गवई त्यांच्या हाती लागला.