चौथी नलिका
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्यासारख्या निवृत्त शाळामास्तराने या व्यासपीठावरून दाढेविषयी बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु कार्यवाहांचा आग्रह मोडवेना.

वरच्या दाढेस तीन मुळे व प्रत्येक मुळात एक नलिका, असे चित्र आम्ही फळ्यावर ३० वर्षे काढीत आलो. पुढे आमचीच वरची डावी दाढ किडली. उजवीकडच्या दाढा पूर्वीच गेलेल्या; चावण्याचा सारा भार हिच्यावर. एका दंतवैद्यांनी तीनही नलिका साफ करून भरल्या, तरी ठणका राहीना. अखेर दाढ काढण्याचा सल्ला मिळाला.

वस्तुतः त्या गृहस्थांचा फारसा दोष नव्हता. वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडील पुढच्या मुळात निम्म्याहून अधिक माणसांस आणखी एक बारीक नलिका असते. साधे क्ष-किरण चित्र म्हणजे भिंतीवरची सावली. पुढचे व मागचे त्यात एक होऊन जाते.

हे कोडे जुनेच. रंटगेन यांना १८९५ साली क्ष-किरण सापडले आणि १८९६ च्या जानेवारीत जर्मनीतील ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी २५ मिनिटे निश्चल राहावे लागले! पुढे झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी उपटलेल्या दातांत रबर भरून, दात विरघळवून नलिकांचे ठसे मिळविले. फाटे फुटलेल्या त्या आकृत्या पाहून आमच्या फळ्यावरील चित्राची आम्हांस लाज वाटली. कित्येकांच्या खालच्या दुसऱ्या दाढेत तर नलिका जुळून चंद्रकोरीसारखी होते.

दुसऱ्या दंतवैद्यांनी सीबीसीटी नावाचे त्रिमिती चित्र काढविले. यंत्र मस्तकाभोवती फिरले, अर्ध्या मिनिटात काम झाले. पडद्यावर दाढेचे काप काकडीच्या चकत्यांसारखे उमटले : तीन ठिपके भरलेले, पांढरे, चौथा काळा, आणि त्याच मुळाच्या टोकाशी हाडात काळी छाया. यास साध्या चित्राहून किरण अधिक लागतात, म्हणून ते सरसकट काढीत नाहीत, हेही त्यांनी बजाविले.

सूक्ष्मदर्शकाखाली त्या नलिकेचे तोंड शोधण्यास दोन बैठका लागल्या. ठणका गेला. आज सकाळी फराळाची चकली आम्ही डावीकडूनच चावली. ते चित्र सोबत आणले आहे. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी भोजनोत्तर अवश्य भेटावे.