हे कोणी सांगितले?

मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे गाव. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा येथे लिहून काढल्या. नागदेवाचार्यांच्या आठवणी त्यांनी घेतल्याच. शिवाय ज्यांनी प्रसंग पाहिला त्यांना गावोगाव गाठून विचारले. एवढा खटाटोप कशासाठी? वचन पवित्र, म्हणूनच ते कोणी ऐकले हे कळले पाहिजे.

इस्लाममध्ये ही काळजी त्याही आधीची. पैगंबरांचे वचन, म्हणजे हदीस, सांगताना ‘मी अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून’ अशी साखळी द्यावी लागते. तिला इस्नाद म्हणतात. नवव्या शतकात इमाम बुखारींनी ती पारखूनच वचने स्वीकारली.

आता आजचे पाहा. अचलपूर येथून फार दूर नाही. तिकडचा माझा एक विद्यार्थी. त्याची आजी दरवर्षी दुल्हा रहमान शाहांच्या दर्ग्यात जाई. नातवाने सांगितले, हे धर्मात बसत नाही. आजी त्या रात्री जेवली नाही. मी विचारले, ‘हे तुला कोणी सांगितले?’ त्याने मोबाइल पुढे केला. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत, वक्ता आवेशात. साखळीचा पत्ता नाही.

मी म्हटले, ‘बाबा रे, तुमच्या मौलवीसाहेबांना विचार.’ तो गेला. कबरींच्या भेटीस आरंभी मनाई होती, मागून परवानगी मिळाली, असे हदीस आहे. स्त्रियांविषयी मात्र विद्वानांत मतभेद आहेत, हे त्याला कळले. त्याचे मत अजून ठरलेले नाही. पण आजीशी बोलणे सुरू झाले.

या माध्यमाची ताकद मोठी आहे. मुंबईच्या झाकिर नाईक यांची व्याख्याने पीस टीव्हीवरून आणि पुढे यूट्यूबवरून लाखोंनी ऐकली. देवबंदच्या उलेमांनीच त्यांच्यावर आक्षेप घेतले, आणि २०१६ साली सरकारने त्यांच्या संस्थेवर बंदी घातली. २०१४ साली कल्याणचे चार तरुण आयसिसच्या प्रचाराला भुलून इराककडे गेले, ही तर फार टोकाची गोष्ट. एरवी नमाज कशी पढावी, जकात किती द्यावी, एवढेच सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत. खेड्यातल्या मुलीला विद्वानाचे व्याख्यान घरबसल्या ऐकता येते, हा लाभ काही लहान नव्हे.

म्हणून मोबाइल हिसकावून घेऊ नका. जवळ बसा आणि विचारा, ‘हे कोणी सांगितले? त्याने कोणाकडून ऐकले?’ हा प्रश्न श्रद्धेच्या विरुद्ध नाही. रिद्धपुरात तो श्रद्धेनेच विचारला गेला होता; बुखारींनीही श्रद्धेनेच विचारला होता.