रंकाळ्यातली बोट कशामुळे थांबते?

आज कुणी पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय तळ्यांचा. मी कोल्हापूरचा, नोकरीसाठी पुण्यात. गावाकडचं कुणी भेटलं की मी हमखास एक प्रश्न विचारतो, आणि बहुतेक कोल्हापूरकर विचारतात: "रंकाळ्यात बोटिंग चालू आहे का रे सध्या?"

कधी उत्तर 'हो' येतं, कधी 'बंद आहे'. बंद असलं की आपण ठेकेदाराला नाहीतर महापालिकेला दोन शब्द सुनावतो आणि भेळ खायला जातो. पण बोट बंद पडणं हा अलार्म आहे. आमच्या कामात सर्व्हर बसला की आधी अलर्ट येतो. तो अलर्ट नुसता बंद करून कुणी घरी जात नाही, कारण शोधावं लागतं. तळ्याच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो.

आधी थोडं मागे जाऊ. कोल्हापूर हे एकेकाळी तळ्यांचं गाव होतं. वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, खंबाळे, पद्माळा, रावणेश्वर ही सगळी तळ्यांची नावं. आज वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे, कपिलतीर्थावर भाजी मंडई आहे, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम. तळं बुजवलं तरी जमिनीचा उतार काही बदलत नाही. म्हणून जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचतं. मग पेपरात फोटो येतो, 'मैदानाचं तळं झालं'. अहो, ते तळंच होतं!

रंकाळा मोठा म्हणून वाचला. ही मुळात दगडाची खाण, आणि अंबाबाईच्या देवळाचा दगड इथूनच गेला असं मानतात. पण बुजवलं नाही म्हणजे तळं जिवंत राहिलं, असं होत नाही. बाजूचा परताळा बघा. रंकाळ्याचं धाकटं भावंडच ते, पण लक्षात किती जणांच्या आहे?

आता मुख्य मुद्दा. तळं म्हणजे पाण्याने भरलेली वाटी, असं आपल्या डोक्यात असतं. खरं तर तळं म्हणजे वरच्या अख्ख्या उताराचा हिशोब. वर शेतं होती तेव्हा पावसाचं पाणी यायचं. वर कॉलन्या झाल्या, तेव्हा श्याम सोसायटीच्या नाल्यासारख्या नाल्यांतून सांडपाणी यायला लागलं. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो, म्हणजे सरळ सांगायचं तर खत. आपण तळ्याला रोज खत घालतो आणि मग केंदाळ एवढं का वाढलं म्हणून विचारतो.

केंदाळ, म्हणजे जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेची. खत आणि ऊन मिळालं की साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. पाण्यावर झाकण बसतं, खाली ऊन पोचत नाही, ऑक्सिजन कमी होतो, मासे मरतात. केंदाळ काढलं तर मोकळ्या पाण्यात हिरवं शेवाळ येतं, कारण खत तिथंच आहे. मग वास सुटतो. वास सुटला की पोरंबाळं घेऊन कोण बोटीत बसणार? गिऱ्हाईक नाही, म्हणून बोट नाही. हा झाला सगळा क्रम, नाल्यापासून बोटीपर्यंत.

आणखी एक गंमत. काढलेलं केंदाळ बऱ्याच गावांत काठावरच टाकतात. ते तिथं कुजतं आणि पहिल्या पावसात त्यातलं खत परत तळ्यात. पैसे खर्च, काम शून्य.

पैसे येत नाहीत असंही नाही. केंद्राची राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना २००१ मध्ये सुरू झाली. तिच्यात केंद्राचे ७० टक्के, राज्याचे ३० टक्के असायचे. रंकाळाही त्या योजनेत होता. पण काठाचा दगड, दिवे, बाकडी, कारंजं यांचं उद्घाटन करता येतं. नाला अडवून पाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवणारा पंप रोज चालतोय, याचं उद्घाटन कोण करणार? आणि तो पंप एक रात्र वीज जाऊन बंद पडला, किंवा पावसात तुंबून वाहिला, की पाणी थेट तळ्यात. बांधकाम एकदाच होतं, देखभाल रोजची. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको: नवीन फीचरला टाळ्या मिळतात, मेंटेनन्सला कुणी विचारत नाही.

तरी हे जमत नाही असं नाही. विसर्जनाचंच बघा. रंकाळ्यातलं गणपती विसर्जन शेजारच्या इराणी खणीकडे वळलं. हा श्रद्धेचा विषय, किती अवघड वाटला असता! पण पर्यायी जागा दिली, दरवर्षी तयारी केली आणि लोकांनी ऐकलं. मग नाल्याचं का होऊ नये? सांडपाणी कुठल्या नाल्यातून जावं याबद्दल कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

तेव्हा आपल्या गावात तळं असेल, मग ते रंकाळा असो की वेशीबाहेरचं साधं गावतळं, तर नगरसेवकाला किंवा ग्रामपंचायतीला तीन प्रश्न विचारा. तळ्याला किती नाले मिळतात? ते वळवले असतील तर पंप बंद पडल्यावर पाणी कुठं जातं? आणि सुशोभीकरण सोडून, नुसत्या देखभालीसाठी यंदा किती पैसे ठेवलेत? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस चहा मागवतो, असा माझा अंदाज आहे. चहा प्या, पण उत्तर घेऊनच उठा.

बोटिंग चालू आहे का, हे तर विचाराच. काठावर माणसांची वर्दळ असली की पाण्यावर लक्ष राहतं. ज्या तळ्याकडे कुणी फिरकत नाही, ते बुजवायला फार सोपं असतं. आपल्या गावात अशी पाच तरी नावं आहेत, ज्यांच्यावरून आपण रोज गाडी घेऊन जातो.

तुमच्या गावातल्या तळ्याचं काय चाललंय, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.