सुदूर संवेदन आणि पर्यावरणीय बदल : बॅरन बेट ते सुखना



समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या चंदीगडमध्ये ज्वालामुखीच्या बेटाचा विषय काढणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. तथापि पर्यावरणातील बदल उपग्रहाद्वारे टिपण्याचे तंत्र कोठे पुरेसे ठरते आणि कोठे अपुरे पडते, हे समजून घ्यावयाचे तर अंदमान समुद्रातील बॅरन बेट आणि या शहराच्या उशाशी असलेला सुखना तलाव ही दोन उदाहरणे शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते.

बॅरन हा दक्षिण आशियातील एकमेव जागृत ज्वालामुखी. श्री विजयपुरमपासून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून, तो सुमारे १४० किलोमीटर ईशान्येस आहे. दीड शतकाहून अधिक काळ शांत राहिल्यानंतर १९९१ मध्ये त्याचा उद्रेक झाला. त्यानंतर १९९४-९५ आणि २००५ मध्ये तो पुन्हा जागा झाला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जहाजावरून तो राख आणि लाव्हा फेकताना पाहिला. असे जहाज क्वचितच तेथे असते. रोजची पाळत उपग्रहच ठेवतो. तप्त लाव्हा अवरक्त किरणांचे इतके तीव्र उत्सर्जन करतो की एक किलोमीटरच्या पिक्सेलचा लहानसा कोपरा त्याने व्यापला असला, तरी तो पिक्सेल शेजाऱ्यांहून वेगळा उठून दिसतो. ढगांमुळे मात्र हे निरीक्षण अडते. तेथे रडार उपयोगी पडते. ३० जुलै २०२५ रोजी प्रक्षेपित झालेला भारत-अमेरिकेचा 'निसार' उपग्रह ढगांतून आणि अंधारातही भूपृष्ठाची सूक्ष्म हालचाल मोजण्यासाठीच घडविलेला आहे.

या बेटावर मनुष्यवस्ती नाही. रानटी झालेल्या शेळ्या तेवढ्या आहेत. त्यामुळे विमानांना राखेचा इशारा दिला आणि लाव्ह्याखाली गेलेले हिरवे क्षेत्र मोजले की प्रश्न बहुतांशी संपतो. तेथे कोणाचे शेत नाही, कोणाचा चराईचा हक्क नाही.

सुखनाच्या पाणलोट क्षेत्रात नेमके हेच दोन्ही आहेत. १९५८ मध्ये सुखना चो या ओढ्यावर बांध घालून हा तलाव निर्माण करण्यात आला. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे ४२ चौरस किलोमीटर आहे. शिवालिकच्या टेकड्या ठिसूळ वालुकाश्म आणि चिकणमातीच्या. त्यांवरील झाडोरा कुऱ्हाडीने आणि चराईने नष्ट झालेला. परिणामी पहिल्या तीन दशकांतच तलावाची निम्म्याहून अधिक साठवण क्षमता गाळाने गिळली. या गाळाचा माग काढत केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या चंदीगड केंद्रातील पी. आर. मिश्र आणि त्यांचे सहकारी हल्लीच्या पंचकुला जिल्ह्यातील सुखोमाजरी या गावी पोहोचले. १९७६ मध्ये तेथे पहिला मातीचा बांध झाला.

बांधापेक्षा महत्त्वाचा ठरला तो त्यामागचा करार. ग्रामस्थांनी टेकडीवर गुरे सोडावयाची नाहीत. मोबदल्यात बांधाचे पाणी मिळेल. प्रारंभी लाभ जमीनधारकांपुरता होता, त्यामुळे भूमिहीनांनी चराई थांबविण्याचे कारण उरत नव्हते. पुढे प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनांसह, पाण्याचा समान वाटा देण्यात आला आणि हा वाटा विकण्याचीही मुभा राहिली. शेळ्या कमी झाल्या, गोठ्यात म्हशी आल्या, टेकडीवर भाबड गवत उगवले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, बाह्य परिणामाची किंमत हक्काच्या वाटणीतून चुकती करण्यात आली. 'सामाजिक कुंपण' ही संज्ञा तिथूनच प्रचलित झाली. तारेच्या कुंपणाला राखणदार लागतो, हे नियोजनकारांना उशिराच उमगते.

भारताचा पहिला कार्यकारी (प्रायोगिक नव्हे असा) सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए अवकाशात गेला तो १७ मार्च १९८८ रोजी. म्हणजे टेकडीचे रूप पालटू लागले तेव्हा या स्वदेशी उपग्रहाचा डोळा उघडलेलाही नव्हता. नंतर आयआरएस-१सी (१९९५) आणि रिसोर्ससॅट-१ (२००३) यांनी ५.८ मीटरपर्यंतचा तपशील दिला. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि निकट अवरक्त किरण परावर्तित करते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. टेकडी हिरवी झाली का, याचे उत्तर हा निर्देशांक देतो. मात्र ती गवताने हिरवी झाली की घाणेरीच्या झुडपांनी, हे केवळ त्यावरून ठरविता येत नाही. गवतावर म्हैस पोसली जाते. घाणेरीला जनावर तोंड लावत नाही. हिरवळीच्या आकड्यावर अनुदान वाटले गेले, तर दोघांचा भाव सारखाच लागेल.

याहून अवघड पेच पुढचा आहे. गाळ रोखण्यासाठी पाणलोट क्षेत्रात असंख्य लहान बंधारे झाले, झाडी वाढली आणि गाळ घटला; पण तलावात येणारे पाणीही घटले. २०१२ च्या सुमारास तलावाचा तळ काही भागात उघडा पडला. उपग्रहाच्या चित्रात टेकडी हिरवी आणि तलाव आक्रसलेला, असे दोन्ही बदल एकाच वेळी दिसतात. वर अडविलेल्या पाण्याचे मोल अधिक की खाली साठलेल्या पाण्याचे, हे मूल्यमापन चित्रात नसते. ते ग्रामस्थ, वनखाते आणि नगर प्रशासन यांच्यात ठरवावे लागते.

२ मार्च २०२० रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने सुखनाला 'सजीव अस्तित्वा'चा दर्जा दिला आणि पाणलोट क्षेत्रातील अनधिकृत बांधकामे पाडण्याचा आदेश दिला. क्षेत्राच्या सीमेसाठी आधार धरण्यात आला तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या २००४ च्या नकाशाचा. कांसल, कैंबवाला, सकेतरी येथील घरांचे भवितव्य अशा रीतीने एका रेषेशी जोडले गेले. बांधकाम कोणत्या वर्षी उभे राहिले, हे जुनी उपग्रहचित्रे बऱ्याच अंशी सांगू शकतात. परंतु ५.८ मीटरचा पिक्सेल एखाद्या खोलीहून मोठा असतो. त्यातून जाणारी सीमारेषा घराच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे जागेवर मोजणी करून आणि महसुली दप्तर तपासूनच ठरवावे लागते.