डब्यातला चमचा

1885 च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याला पाणी आलं आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानांत हळूहळू ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ही नावं कारखान्यांमुळे दूरवर पोचली. दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर ज्या घरी येते, अशा घरात मी नांदते. उसाच्या बिलावरच आमची मुलं शिकली. तरीही आज सांगायचंय ते हेच, की पिकवतो म्हणून तेवढी खायलाच हवी असं नाही.

आपण माळकरी, शाकाहारी माणसं. खाणं साधं असतं, त्यामुळे साखरेची शंका येत नाही. पण चहाचा हिशोब मांडा. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे, चमच्यात साधारण पाच ग्रॅम. झाले चाळीस ग्रॅम. चार माणसांच्या घरात महिन्याला जवळपास पाच किलो साखर नुसत्या चहात जाते! जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं, की प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी. पंचवीसच्या आत आली तर आणखी चांगलं. गूळ, मध, फळांचा रसही त्यातच धरायचा. म्हणजे साखरेऐवजी तेवढाच गूळ घातला, तर हिशोब तिथेच राहतो.

आमच्याकडे मी एकदम साखर बंद केली तेव्हा सासूबाईंनी कप तसाच खाली ठेवला. मग मी साखरेच्या डब्यातला मोठा चमचा काढून लहान चमचा ठेवला, आणि दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला. जिभेला वेळ दिला की ती सवय लावून घेते. दोन महिन्यांनी पाहुण्यांकडचा चहा सासूबाईंनाच गोडमिट्ट लागला.

साखर कमी करताना पोट मात्र भरलेलं हवं. भाकरीसोबत मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही असलं की चार वाजता बिस्किटाचा पुडा आठवत नाही. गोड खावंसं वाटलं तर इंदापूरचं डाळिंब सोलावं, पेरू चावून खावा. रस काढू नये. सणाची पुरणपोळी मात्र आनंदाने खावी. रोजचं कमी झालं की सणाला चव येते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते, तेव्हा वाटेवर दारोदार चहा उकळत असतो. यंदा वारकऱ्यांसाठी आधण ठेवाल, तेव्हा साखर थोडी हात राखून घाला. ज्याला हवी त्याच्यासाठी शेजारी वाटी ठेवा. सेवेत काही कमी पडणार नाही.