धुण्याचे पाणी आणि गावाचा ताळेबंद



अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली व १९९४ नंतर आदर्श गाव योजनेच्या साहाय्याने तेथे डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, चराईबंदी पाळली गेली आणि उसासारखी तहानलेली पिके वर्ज्य ठरली. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो. त्यात माणसांचा व जनावरांचा वाटा पहिला, पिकांचा नंतरचा.

घरच्या वाट्यातील बरेचसे पाणी धुण्यात जाते, ही बाब सहसा कोणी विचारात घेत नाही. शिवाय ते संपत नाही. साबणासह त्याच भूमीत मुरते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेले विहिरीचे पाणी बहुधा जड असते. त्यातील चुन्याचे क्षार साबणाशी संयोग पावून साका धरतात. फेस येत नाही, म्हणून गृहिणी आणखी साबण लावते. पावसाचे पाणी मृदू असते. पागोळ्यांचे स्वच्छ पाणी साठवून धुण्यास घेतले, तर थोड्या साबणात काम भागते. कपडे आधी भिजत घालावेत. लोकरी वस्त्रांना रिठ्याचे पाणी उत्तम.

धुण्याचा सोडा मात्र बेताने वापरावा. त्यातील सोडियममुळे काळी जमीन चोपण होते. अशा पाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून दूर असावा. शेवटच्या खळबळणीचे पाणी तेवढे झाडांना घालावे, तेही आळीपाळीने.