फळीवरच्या माणसाचा फोटो

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं उभं केलंय ते जकार्ताच्या रस्त्यावरच्या फोटोंबद्दल बोलायला. मी जकार्ता पाहिलेलं नाही. माझ्याकडं पासपोर्ट नाही. मॅट्रिक झालो, गोदीला लागलो, ओझी उचलतो, आणि रात्रपाळी नसली की कविता लिहितो. फोटोग्राफी शिकलेलो नाही. पण माझा फोटो एकदा काढला गेलाय, तेवढ्या अधिकारावर बोलतो.

तो किस्सा आधी सांगून टाकतो. गोदीच्या फाटकाबाहेर गोदामाच्या दारात आम्ही गोण्या उतरवत होतो. एकजण कॅमेरा घेऊन आला. अर्धा तास गुडघ्यावर बसून आमचे फोटो काढले, कुणाचं नाव विचारलं नाही आणि गेला. काही महिन्यांनी एका दोस्तानं मला एका प्रदर्शनात नेलं, तिथं चहा फुकट होता म्हणून. बघतो तर भिंतीवर माणसाएवढी माझी पाठ. मुंडकं गोणीखाली. खाली इंग्रजीत काहीतरी लय, ताल असलं नाव. च्यायला, त्या दिवशी माझ्या कमरेत उसण भरली होती, म्हणून मी तसा तिरका चालत होतो. त्याला तो ताल वाटला.

पुढं वर्षभरानं धक्क्याला लागलेल्या एका जहाजावर इंडोनेशियाचा खलाशी भेटला. जकार्ताचा, तांजुंग प्रिओक बंदराच्या बाजूला राहणारा. माझं इंग्रजी मोडकं, त्याचं माझ्याहून मोडकं. त्यानं माझ्या छातीकडं बोट करून विचारलं, ‘नामा?’ नामा म्हणजे नाव. मग माझ्या हातातला हूक बघून म्हणाला, ‘कुली?’ त्यांच्या भाषेतही कुली म्हणजे कुलीच. काचेला ते ‘काचा’ म्हणतात. पापाला ‘दोसा’ म्हणतात, त्यावर आमची टोळी जाम हसली. मग त्यानं मोबाइलवर गल्लीचे फोटो दाखवले. त्याची आई हातगाडीवर तळलेली केळी विकते. एका फोटोत ती कढईवर वाकलेली, दुसऱ्यात पैसे मोजताना, तिसऱ्यात गाडीला टेकून पेंगताना. प्रत्येक फोटोला त्यानं काही ना काही सांगितलं, ही शेजारीण, हा उधारी न देणारा. तेव्हापासून मी जकार्ताच्या रस्त्याचे फोटो शोधून शोधून बघतोय.

शोधायला गेलं की सगळ्यात आधी सुंदा केलापा समोर येतं. हे जकार्ताचं जुनं बंदर. १६१९ मध्ये डचांनी गाव जिंकलं आणि त्याला बटाविया म्हणायला लागले. पुढं वाफेची मोठी जहाजं आली, १८८० च्या दशकात तांजुंग प्रिओकचं नवं बंदर झालं, बडा माल तिकडं गेला. सुंदा केलापाला राहिली पिनिसी म्हणतात ती लाकडी जहाजं. कालिमांतानहून ती लाकूड आणायची, इकडून सिमेंट न्यायची. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये एक फळी टाकलेली असते आणि तिच्यावरून हमालांची रांग जाते. पर्यटकाला हेच पाहिजे असतं. फोटो बहुतेक संध्याकाळचे. मागं लाल आभाळ, पुढं फळीवर काळी माणसं.

मी त्या फळीकडं बघतो. फळी लवते, पोरांनो. दोघं जण एकाच फळीवर असले तर पुढच्यानं टाकलेलं पाऊल मागच्याच्या पोटरीला कळलं पाहिजे, नाहीतर दोघंही पाण्यात. सिमेंट असेल तर घामात कालवून ते मानेवर बसतं, रात्री कातडी सोलवटते. फळी किती रुंद, गोणी किती किलोची, दिवसाच्या फेऱ्या किती, फेरीला पैसे किती, फोटोखाली ह्यातलं काही नसतं. फक्त ‘सुंदा केलापाची संध्याकाळ’.

ही खोड जुनी आहे. १८५७ मध्ये वुडबरी आणि पेज नावाचे दोन इंग्रज बटावियात आले आणि त्यांनी स्टुडिओ टाकला. ते फेरीवाल्याला कावडीसकट स्टुडिओत आणून उभं करायचे. कारण सरळ आहे. तेव्हा काचेच्या ओल्या प्लेटवर फोटो निघायचा आणि माणसाला हलायची मनाई असायची. रस्ता तर हलतोच. मग फेरीवाल्याला रस्त्यावरून उचलून आत घेतला. आवाज नाही, गिऱ्हाईक नाही, खाली ‘जावाचा फेरीवाला’ असा शिक्का, आणि असले फोटो गोऱ्या साहेबांच्या अल्बमांसाठी विकायचे. किडे टाचणीनं टोचून ठेवतात तशी माणसं ठेवली.

आता दुसरी बाजू. १७ ऑगस्ट १९४५ ला सुकार्नोनं जकार्तात एका घराच्या अंगणात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. अॅलेक्स आणि फ्रान्स मेंदूर हे दोघे भाऊ तिथं कॅमेरे घेऊन होते. जपान्यांचे सैनिक अजून शहरात होतेच. त्यांनी अॅलेक्सची फिल्म हिसकावून घेतली. फ्रान्सनं थाप मारली की माझी मी दुसऱ्याला देऊन टाकली, आणि ती ‘आशिया राया’ ह्या वर्तमानपत्राच्या कचेरीच्या आवारात झाडाखाली पुरली. त्यातून तीन फोटो वाचले. एकात सुकार्नो वाचतोय, एकात झेंडा चढतोय, आणि तिसऱ्यात बघायला जमलेली माणसं आहेत. मला तिसरा आवडतो. तीनच फोटो हाताशी असताना त्यातला एक गर्दीला दिला. पुढच्याच वर्षी ह्या भावांनी मित्रांबरोबर इप्फोस ही स्वतःची फोटो-संस्था काढली.

१९४९ च्या अखेरीस डच गेले तेव्हा आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा जगप्रसिद्ध फ्रेंच माणूस तिथं होता. त्याची बायको रत्ना मोहिनी जावाची. त्याचा एक फोटो आहे, कामगार गव्हर्नरच्या वाड्यातून जुन्या डच गव्हर्नरांची मोठमोठी चित्रं उचलून बाहेर नेतायत. हा फोटो मी मोबाइलवर ठेवलाय. इतकी वर्षं मानेवर बसलेला साहेब एकदाचा हातावर घेऊन बाहेर काढला! पण इथंही गव्हर्नर कोण ते सांगणारे पुष्कळ भेटतात, उचलणाऱ्यांचं नाव फोटोखाली नाही. तेवढं मी त्या फ्रेंच माणसाच्या खात्यावर उधार मांडून ठेवलंय.

बेचाकाबद्दल सांगितल्याशिवाय जकार्ता होत नाही. बेचाक म्हणजे तीनचाकी सायकल रिक्षा. आपल्या नागपूरकडच्या सायकल रिक्षात चालवणारा पुढं आणि बसणारा मागं, म्हणजे बसणाऱ्याला सगळा वेळ त्याची भिजलेली पाठ दिसते. बेचाकात उलटं. गिऱ्हाईक पुढं, चालवणारा मागं. त्यामुळं बेचाकात बसून ज्यानं फोटो काढला त्याला अख्खा रस्ता मिळतो, फक्त रस्ता दाखवणारा मिळत नाही. जकार्ताच्या कारभाऱ्यांना हे वाहन शहराला शोभेना. आधी ठरावीक रस्त्यांवर बंदी आली, मग १९८० च्या दशकात धाडी घालून हजारो बेचाक पकडले आणि जकार्ताच्या उपसागरात नेऊन बुडवले. १९८८ च्या नियमानं शहरभर बंदी घातली. १९९८ मध्ये मंदीनं लोकांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा काही दिवस बेचाक परत दिसले, परत हाकलले गेले. मी त्या बुडवलेल्या गाड्यांचा विचार करतो. त्या पडावात चढवल्या कुणी? माझ्यासारख्याच कुणीतरी, रोजावर.

एरिक प्रसेत्या हा जकार्ताचाच फोटोग्राफर. त्याचं ‘जकार्ता: एस्तेतिका बानाल’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. बानाल म्हणजे मामुली. रोजच्या रस्त्याचा रोजच्यासारखा फोटो काढायचा, गरिबीची नौटंकी करायची नाही, असा त्याचा रोख. मला हे निम्मं पटतं. लाल आभाळापेक्षा हे कितीतरी बरं. पण मामुली कुणाला? फळीवरच्याला त्याची कुठलीच फेरी मामुली नसते.

सुंदा केलापाच्या हाकेच्या अंतरावर कांपुंग अक्वारियम नावाची वस्ती. ११ एप्रिल २०१६ ला तिच्यावर बुलडोझर चालवला. काही घरं हटलीच नाहीत, म्हणजे घरं गेली पण माणसं ढिगाऱ्यावर तंबू टाकून राहिली, भांडत राहिली. २०२१ मध्ये त्याच जागेवर त्यांच्यासाठी इमारती उभ्या राहिल्या. पाडापाडीच्या दिवशी कॅमेरे पुष्कळ येतात. मला आदल्या महिन्याचे फोटो पाहिजेत. चूल, दप्तर, वाळत घातलेले कपडे, दारावरचा नंबर. कारण पाडणारे आधी हेच म्हणतात, की इथं होतंच काय?

आणि २८ ऑगस्ट २०२५. खासदारांच्या भत्त्यावरून लोक भडकले होते, जकार्तात निदर्शनं चालू होती. रात्री पोलिसांच्या चिलखती गाडीनं मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्या २१ वर्षांच्या पोराला चिरडलं. तो निदर्शनाला आलेला नव्हता, जेवणाची ऑर्डर पोचवायला निघालेला. रस्त्यावरच्या माणसांनी ते मोबाइलवर घेतलं. मी बघितलंय. चित्र तिरकं, हलतंय, अंधार, किंकाळ्या. वुडबरीनं असली प्लेट फेकून दिली असती. पण रात्रीत ते देशभर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी हिरव्या जाकिटातले मोटारसायकलवाले हजारोंनी त्याच्या दफनाला गेले. सरकारला गाडीतल्या पोलिसांना ताब्यात घ्यावं लागलं.

इथं बसलेल्या प्रत्येकाकडं मोबाइल आहे. काढा फोटो. पण आधी जाऊन विचारा, नंतर नेऊन दाखवा, आणि खाली नाव, काम, मजुरी लिहा. आवाजही लिहा. जकार्तात केळीवाली कढईवर झारा वाजवते की नाही मला माहीत नाही, पण बाक्सो, म्हणजे मांसाचे गोळे विकणारा वाडगा वाजवत येतो, आणि पुतू नावाची गोड उकड विकणाऱ्याच्या गाडीची वाफ शिट्टी मारते. फोटोत ती शिट्टी येत नाही. लिहिली तर येते.

जहाज सुटायच्या आदल्या दिवशी त्या खलाशानं आमच्या टोळीचा फोटो काढला. काढायच्या आधी एकेकाला ‘नामा?’ विचारत त्यानं अकराही नावं मोबाइलमध्ये त्याच्या लिपीत लिहून घेतली. मुकादमाचं नाव तीनदा विचारलं, तरी चुकलंच. आठवड्यानं फोटो आला, खाली नावं. त्याची प्रत काढून मागच्या टेबलावर ठेवलीय, चहा घेताना बघा. डावीकडून चौथा मी. डोळे मिटलेत.